प्रसरणशील मातीवरील घरांच्या पायाची दुरुस्ती

ओली झाली की फुगणाऱ्या आणि वाळली की आकसणाऱ्या चिकणमातीला प्रसरणशील माती म्हणतात. अशा मातीवर बांधलेल्या घराचा पाया ऋतुमानाप्रमाणे वरखाली होतो, जोते व भिंती तडकतात आणि फरशी उचलली जाते. अशा घराचा पाया पुन्हा स्थिर करण्यासाठी योजल्या जाणाऱ्या उपायांचा परिचय या लेखात आहे. महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः काळ्या मातीच्या प्रदेशात आढळतो. राज्याच्या पूर्व टोकाला असलेल्या गोंदिया जिल्ह्यात जमीन सर्वत्र काळी नाही. तरीही कन्हार जमिनीवर, धानाच्या बांधीलगत किंवा बुजवलेल्या बोडीवर बांधलेल्या घरांना याच स्वरूपाचा त्रास होतो. तडे बुजवल्याने पायाची हालचाल थांबत नाही. पायाखालील मातीतला ओलावा स्थिर झाला, किंवा घराचा भार त्या मातीखालच्या पक्क्या थरावर नेला, तरच ती थांबते.

गोंदिया जिल्ह्यातील माती

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची पूर्व सीमा नागपूरच्या आसपास येऊन संपते. तिच्या पूर्वेस जुने स्फटिकी खडक आहेत. सालेकसा व देवरीच्या बाजूस ग्रॅनाइट आणि रायोलाइट आढळतात. त्यामुळे अकोला, अमरावती, यवतमाळ वा वर्धा येथील कापसाच्या काळ्या मातीचे सलग पट्टे येथे नाहीत. येथील शेतकरी जमिनीला तिच्या गुणांवरून निरनिराळी नावे देतो. कन्हार ही गडद रंगाची, जड व पाणी धरून ठेवणारी माती. मोरांड तिच्याहून हलकी व मिश्र. सिहार पिवळसर व वाळूमिश्रित. बरडी ही खडीमिश्रित व उथळ. घरबांधणीच्या दृष्टीने यांतील कन्हार सर्वांत त्रासदायक. ती सखल भागात, नदी-नाल्यांच्या काठी व तलावांच्या खाली साचलेली असते, आणि धानाला तीच मानवते.

ही नावे केवळ लोकभाषेतील म्हणून दुर्लक्षिण्यासारखी नाहीत. भूखंड विकत घेताना जुन्या शेतकऱ्याला ‘ही बांधी कन्हाराची की सिहाराची’ एवढे विचारले, तरी पायाविषयीची अर्धी माहिती मिळते.

काळी आणि पांढरी

मराठी मुलखात गावच्या जमिनीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे. काळी म्हणजे कसण्याची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, गावठाण. पांढरीची माती पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीने, राखेने, चुन्याने व पडक्या भिंतींच्या ढिगाऱ्याने बनलेली असते. ती उंचवट्यावर असते आणि फारशी फुगत नाही. धाब्याच्या छपरावर पसरण्यासाठीही हीच माती पसंत केली जात असे. शेतीसाठी सकस जमीन राखून ठेवणे हा या विभागणीचा एक हेतू होता. पण तिच्यामुळे घरेही फुगणाऱ्या मातीपासून दूर राहत.

गावठाण अपुरे पडू लागले तसे घर काळीत उतरले. शहरालगतची शेते अकृषक होऊन त्यांचे भूखंड पडले आणि बांधीत भर घालून त्यावर घरे उभी राहिली. घराची जागा बदलली तरी पायाची रीत मात्र पांढरीवरचीच राहिली. तीन-चार फूट खोल चर, त्यात दगड वा विटांचे बांधकाम आणि वर जोते. अनेक घरांच्या तड्यांचे मूळ या विसंगतीत आहे.

मातीच्या हालचालीचे कारण

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट या गटातील खनिज मोठ्या प्रमाणात असते. त्याचे कण अत्यंत पातळ पापुद्र्यांचे बनलेले असतात आणि या पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरते. पाणी शिरले की पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात, निघून गेले की जवळ येतात. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या रुंद, खोल भेगा हा याच आकुंचनाचा परिणाम होय. जमिनीच्या ज्या वरच्या थरात ऋतूप्रमाणे ओलावा बदलतो त्याला सक्रिय थर म्हणतात. भारतातील काळ्या मातीत त्याची खोली साधारणतः ३.५ मीटरपर्यंत धरली जाते. त्याखाली ओलावा जवळजवळ कायम राहतो व माती हलत नाही.

एकमजली घराच्या पायाखाली जमिनीवर पडणारा दाब दर चौरस मीटरला साधारण ५ ते १० टन असतो. जड काळ्या मातीचा फुगण्याचा दाब याहून अधिक भरू शकतो. त्यामुळे चारमजली इमारतीपेक्षा लहान, हलक्या घराला आणि घरापेक्षाही ओटा, पडवी, आवारभिंत व संडास यांसारख्या हलक्या बांधकामांना हा त्रास अधिक होतो. ‘लहान घर आहे, पाया कशाला खोल हवा’ हा युक्तिवाद या मातीत उलटा पडतो.

संपूर्ण घर सारखेच वर आले आणि सारखेच खाली गेले, तर फारसे बिघडत नाही. बिघडते ते असमान हालचालीने. घराखालच्या जमिनीवर ऊन-वारा लागत नसल्याने तिथला ओलावा काही वर्षांत हळूहळू वाढतो व मध्यभाग घुमटासारखा वर येतो. कडेची माती मात्र दर उन्हाळ्यात आकसते. याउलट एका कोपऱ्यात न्हाणीचे पाणी मुरत असेल तर तो कोपराच तेवढा उचलला जातो. गोंदिया जिल्ह्यात पावसाळ्यात बांधीत महिनोन्‌महिने पाणी उभे असते आणि उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. बांधीला टेकून असलेल्या घराच्या एका बाजूचा पाया त्यामुळे वर्षातून एकदा पूर्ण भिजतो व एकदा पूर्ण वाळतो, आणि दुसऱ्या बाजूच्या पायाला त्याचा पत्ताही नसतो.

लक्षणे

खिडकी-दरवाजांच्या कोपऱ्यांतून निघणारे तिरपे तडे हे सर्वांत ओळखीचे लक्षण. तडा वरच्या बाजूस अधिक रुंद असेल तर भिंतीची टोके मध्यभागाच्या तुलनेने खचली आहेत किंवा मध्यभाग उचलला गेला आहे. खालच्या बाजूस अधिक रुंद असेल तर मध्यभाग खचला आहे. याशिवाय खोलीच्या मधोमध फरशी फुगणे, ओटा घरापासून सुटणे, जोते व भिंत यांच्यामध्ये आडवी फट पडणे, जमिनीखालचे नळ वारंवार फुटणे ही लक्षणेही दिसतात. पावसाळ्यात दरवाजे अडकतात, पण ते एकटे लक्षण पुरेसे नाही, कारण लाकूडही दमट हवेने फुगते.

तड्याच्या रुंदीवरून नुकसानीची प्रतवारी करण्याची ब्रिटनमधील पद्धत इतरत्रही वापरली जाते. तिच्यानुसार १ मिलिमीटरपर्यंतचे तडे अतिकिरकोळ, ५ मिलिमीटरपर्यंतचे किरकोळ, ५ ते १५ मध्यम, १५ ते २५ गंभीर आणि त्याहून मोठे अतिगंभीर समजले जातात. गंभीर गटातील घरात छताच्या तुळया व लिंटेल यांचा आधार सुटण्याचा संभव असतो. अशा वेळी निरीक्षणात वेळ न घालवता घराला टेकू देऊन राहणाऱ्यांना हलवणे आवश्यक ठरते.

निदान

दुरुस्तीपूर्वी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: हालचाल चालू आहे की थांबली आहे, ती ऋतूप्रमाणे उलटसुलट होते की एकाच दिशेने होते, आणि पाणी कोठून येते.

पहिल्या दोन प्रश्नांसाठी वेळ हाच उपाय आहे. तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा बसवून त्यांतील अंतर दर महिन्याला मोजावे व भिंतीवरच तारखेसह लिहावे. तड्यावर काचेची पट्टी चिकटवण्याची पद्धत जुनी आहे. पण काच फुटली की हालचाल झाली एवढेच कळते, किती झाली ते कळत नाही. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने जोत्याच्या सर्व कोपऱ्यांची पातळीही वर्षातून निदान दोनदा, मे अखेरीस व सप्टेंबर अखेरीस, नोंदवावी. तडा उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटत असेल, किंवा याच्या उलट होत असेल, तर दोष फुगणाऱ्या मातीचा. सतत एकाच दिशेने वाढत असेल तर बहुधा भर खचत आहे. बुजवलेल्या बोडीवरच्या किंवा नीट न ठोकलेल्या भरावावरच्या घरात हा दुसरा प्रकार आढळतो. दोन्हींचे तडे दिसायला सारखे असले तरी उपाय वेगळे आहेत. वर्षभराची नोंद न ठेवता केलेली दुरुस्ती पुष्कळदा चुकीच्या रोगावर केलेली असते.

मातीचा फुगवटा मोजण्याची एक सोपी चाचणी भारतीय मानक २७२०च्या ४०व्या भागात (१९७७) दिली आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेल्या कोरड्या मातीचे १० ग्रॅमचे दोन भाग घेऊन एक पाण्याच्या व एक रॉकेलच्या मोजपात्रात टाकतात व माती पूर्ण बसू देतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यात तिचे आकारमान २४ मिलिलिटर व रॉकेलमध्ये १२ मिलिलिटर भरले, तर मुक्त फुगवटा १०० टक्के झाला. ५० टक्क्यांहून अधिक फुगवट्याची माती बांधकामाला जोखमीची समजली जाते. ही चाचणी स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत होते. शेतकऱ्यांना मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश यांची माहिती असते, फुगवट्याची नसते. ती पत्रिका पायाच्या कामाला उपयोगी नाही.

पायाला लागून एक चाचणी खड्डाही खणावा. पाया किती खोल आहे, खाली मुरूम किती अंतरावर लागतो आणि ओलावा कोठे वाढतो, या तिन्ही गोष्टी त्यात डोळ्यांनी दिसतात.

पाण्याचा बंदोबस्त

दुरुस्तीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित भाग हाच. मध्यम प्रतीपर्यंतच्या नुकसानीत पुष्कळदा एवढ्यानेच हालचाल आटोक्यात येते.

छपराचे पाणी पागोळ्यांतून थेट जोत्याशी पडू न देता पन्हळ लावून दूर न्यावे. न्हाणी, मोरी व संडासाच्या नळ्यांची गळती तपासावी. सांडपाण्यासाठी केलेला शोषखड्डा पुष्कळ ठिकाणी जागेअभावी भिंतीला चिकटून खणलेला असतो. फुगणाऱ्या मातीत असा खड्डा पायाला सतत पाणी पाजत राहतो, म्हणून तो शक्य तितका दूर व उताराच्या खालच्या बाजूस हलवावा. घराभोवती दीड ते दोन मीटर रुंदीची, बाहेरच्या बाजूस उतार असलेली पक्की पट्टी करावी. बांधकाम खात्याच्या भाषेत तिला ‘प्लिंथ प्रोटेक्शन’ म्हणतात. ती भिंतीला घट्ट जोडू नये. मधल्या फटीत डांबर भरावे, म्हणजे पट्टी हलली तरी भिंत ओढली जात नाही आणि पाणीही आत शिरत नाही. बांधी लगत असेल तर पट्टीच्या बाहेरच्या कडेला एक ते दीड मीटर खोल अरुंद चर खणून त्यात जाड प्लास्टिकचा कागद उभा लावून चर पुन्हा बुजवतात. हा पडदा पाणी आत येण्यास व उन्हाळ्यात ओलावा बाहेर जाण्यास, दोहोंस अडथळा करतो.

मोठी झाडे मातीतील पाणी शोषतात. वड, पिंपळ, निलगिरी यांसारखे झाड त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतके तरी घरापासून दूर असावे, असा सर्वसाधारण नियम आहे. मात्र घरापूर्वीपासून असलेले जुने झाड एकदम तोडणे धोक्याचे. त्याने कोरडी ठेवलेली माती पुढील काही पावसाळ्यांत फुगते व पूर्वी खचणारा कोपरा आता उचलला जातो. फांद्या टप्प्याटप्प्याने कमी करणे बरे. उन्हाळ्यात भेगा पडल्या म्हणून त्यांत नळी सोडून पाणी भरण्याचा उपायही असाच घातक आहे. पाणी भेगेतून खोल जाते आणि जिथे पोचते तिथेच माती फुगते.

मातीत बदल

फरशी उचलली गेली असेल तर ती काढून खालची काळी माती ६० सेंटिमीटर ते १ मीटर खोलीपर्यंत उपसतात व तिच्या जागी मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांनी ओलावून ठोकतात. मुरुमाऐवजी वाळू भरण्याची चाल आहे, पण वाळूच्या थरात पाणी साचते व खालची माती त्यावर फुगत राहते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी या विषयावर दीर्घ संशोधन केले. फुगणाऱ्या मातीवर सुमारे एक मीटर जाडीचा, चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर दिल्यास खालचा फुगवटा मोठ्या प्रमाणात रोखला जातो, असे त्यांनी दाखवले. ही पद्धत कर्नाटकातील मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांसाठी वापरली गेली. चांगला मुरूम याच कामाला येतो.

मातीत वजनाच्या ३ ते ६ टक्के चुना मिसळल्यास तिचा फुगवटा बराच कमी होतो. नवीन भरावात हे उत्तम साधते. उभ्या घराखाली मात्र चुना मिसळायला वाव नसतो. पायालगत भोके पाडून चुन्याची निवळी ओतली तरी चिकणमातीतून ती फार दूर झिरपत नाही, भेगा असतील तेवढीच पसरते. म्हणून हे काम उन्हाळ्यात, भेगा उघड्या असताना करतात आणि त्यावर एकट्यावर विसंबत नाहीत.

गोंदियात तांदळाच्या गिरण्या पुष्कळ असल्याने तुसाची राख मिळते, आणि तिरोडा येथे ३३०० मेगावॉट क्षमतेचा औष्णिक विद्युत प्रकल्प असल्याने कोळशाची राखही मिळते. या दोन्ही राखा चुन्याबरोबर मिसळून काळी माती स्थिर करण्याचे प्रयोग अनेक ठिकाणी झाले असून त्यांचा उपयोग सिद्ध आहे. चुन्याशिवाय नुसती राख टाकून मात्र तेवढा गुण येत नाही. तुसाची राख भट्टीगणिक वेगळी असते. अर्धवट जळालेली काळी राख कुचकामी ठरते.

पायाला खालून आधार

पाण्याचा बंदोबस्त करूनही हालचाल चालूच राहिली, तर घराचा भार खोलवरच्या स्थिर थरावर न्यावा लागतो.

मुरूम किंवा खडक दोन-अडीच मीटरवर लागत असेल तर टप्प्याटप्प्याने खड्डे घेऊन पाया खाली वाढवतात. भिंतीच्या लांबीचे सुमारे एक मीटरचे भाग पाडून त्यांना क्रमांक देतात. शेजारचे दोन भाग एकाच वेळी कधीही उघडत नाहीत, आणि एका वेळी भिंतीच्या एकूण लांबीच्या चौथ्या भागाहून अधिक आधार काढत नाहीत. खड्डा पक्क्या थरापर्यंत खणून त्यात काँक्रीट भरतात. ते जुन्या पायाच्या तळापर्यंत न नेता ५ ते ७.५ सेंटिमीटर जागा सोडतात. काँक्रीट आकसून स्थिर झाल्यावर त्या जागेत अगदी कमी पाण्याचा सिमेंट-वाळूचा गिलावा ठोकून ठोकून बसवतात. भार खऱ्या अर्थाने नव्या पायावर जातो तो या शेवटच्या ठोकण्याने. हे काम कंटाळवाणे असल्याने कंत्राटी कामात नेमके तेच उरकले जाते. घरमालकाने तेवढ्या वेळी तरी समोर उभे राहावे.

पक्का थर खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खालच्या टोकाला कंदासारखा फुगीर भाग असलेला काँक्रीटचा खांब वापरतात. फुगणाऱ्या मातीसाठी भारतात या खांबांचा विकास रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने केला. १९४७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे हे सर्वांत परिचित कार्य होय. भारतीय मानक २९११च्या तिसऱ्या भागात (१९८०) त्याचे नियम आहेत. कंदाचा व्यास खांबाच्या व्यासाच्या साधारण अडीचपट असतो. खांब सक्रिय थराच्या खाली, म्हणजे साधारण ३.५ मीटर किंवा अधिक खोल नेतात. वरची माती फुगून खांबाला वर ओढू लागली तरी खालचा कंद नांगरासारखा धरून ठेवतो. भोक पाडण्याचे गिरमिट व कंद कोरण्याचे अवजार हाताने चालवता येते, त्यामुळे मोठे यंत्र न पोचणाऱ्या गल्लीतही हे काम होऊ शकते. दुरुस्तीत भिंतीच्या आत व बाहेर असे खांब जोडीने घेऊन त्यांवर भिंतीतून आरपार जाणारी आडवी तुळई टाकतात. तुळईखाली सुमारे ८ सेंटिमीटर पोकळी सोडणे आवश्यक असते. अन्यथा फुगलेली माती तुळईलाच उचलते आणि सारा खर्च वाया जातो.

दीड मीटरहून खोल खड्ड्याच्या बाजूंना फळ्यांचा आधार द्यावा. वाळलेली कन्हार माती उभी कापली असता भिंतीसारखी भक्कम दिसते, पण भेगेवर मोठमोठी ढेकळे होऊन एकाएकी सुटते. पावसाळ्यात हे काम मुळीच करू नये.

भिंतींची दुरुस्ती

ही शेवटी करायची. पाया स्थिर झाल्यावर एक पूर्ण पावसाळा व एक उन्हाळा जाऊ द्यावा. त्यानंतर तड्याला आडव्या लोखंडी सळ्या सांध्यांत बसवून भिंत ‘शिवतात’ आणि तडा भरून घेतात. मातीच्या किंवा चुन्यातील जुन्या भिंतीत कडक सिमेंट भरू नये; ते भिंतीपेक्षा टणक असल्याने पुढचा तडा त्याच्या शेजारी जातो. ओटा व पडवी मुख्य भिंतीपासून वेगळी ठेवून मधे फट राखणे हिताचे.

कामाचा हंगाम

मान्सूनचा पाऊस येथे साधारणतः जूनच्या मध्यास सुरू होऊन सप्टेंबरअखेर ओसरतो. फरशी व भरावाचे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करणे योग्य, कारण त्या वेळी माती ना पूर्ण ओली असते ना पूर्ण वाळलेली. मे महिन्यात अगदी आकसलेल्या मातीवर टाकलेली फरशी पहिल्याच पावसाळ्यात उचलली जाण्याची भीती असते.

नवीन बांधकाम

दुरुस्तीपेक्षा सुरुवातीलाच केलेला योग्य पाया पुष्कळ स्वस्त पडतो. कन्हार जमिनीवर निदान पायाचा चर मुरुमापर्यंत नेणे, चराच्या दोन्ही बाजूंना काळ्या मातीऐवजी मुरूम भरणे, जोते व लिंटेल या पातळ्यांवर सलग सळईयुक्त काँक्रीटची पट्टी देणे आणि घराचा आराखडा साधा, चौकोनी ठेवणे, एवढे तरी व्हावे.

खर्च, घरकुल आणि विमा

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटरच्या घरकुलासाठी मैदानी भागात १ लाख २० हजार, तर डोंगराळ, दुर्गम व एकात्मिक कृती आराखड्यातील जिल्ह्यांत १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य ठरवण्यात आले. ही रक्कम ठरवताना माती फुगणारी आहे की नाही, याचा विचार नाही. कन्हार जमिनीवरच्या लाभार्थ्याला खोल पायाचा वाढीव खर्च स्वतः सोसावा लागतो किंवा पाया उथळ ठेवावा लागतो. अशा घराला तडे गेल्यावर खालून आधार देण्याचा खर्च मूळ साहाय्याच्या तुलनेत इतका मोठा होतो की बहुतेकांपुढे पाण्याचा बंदोबस्त एवढाच मार्ग उरतो. घराभोवतीची पट्टी, पन्हळ व शोषखड्ड्याची बदललेली जागा ही कामे गावातील गवंडी करू शकतो.

इंग्लंडमध्ये १९७१ पासून जमीन खचण्याचे नुकसान घराच्या विम्यात समाविष्ट झाले आणि १९७६च्या अवर्षणात तेथील चिकणमाती आकसल्यावर दाव्यांचा पूर आला. पायाच्या दुरुस्तीचे तंत्र त्या देशात त्यानंतर झपाट्याने वाढले. भारतात १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विम्यात जमीन खचणे व दरड कोसळणे यांचा समावेश आहे. मात्र नव्या बांधकामाचे नेहमीचे तडे व बैठक, भरावाच्या जमिनीची हालचाल आणि सदोष आराखडा वा बांधकाम यांमुळे होणारे नुकसान त्यातून वगळलेले आहे. बुजवलेल्या बोडीवरचे घर त्यामुळे या संरक्षणाच्या बाहेर राहते.